टिल्लूचा लॅपटॉप

४ मार्च, मंगळवार

ही डायरी बायको कामाला आहे त्या चष्म्याच्या दुकानातून आली. चष्म्याच्या काचा बनवणारी कुठलीशी कंपनी दरवर्षी वाटते, म्हणून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक चष्मा छापलेला आहे. ‘काहीतरी लिहीत जा, रोज नाही तर नाही’ असं हिने जानेवारीतच सांगून ठेवलं होतं. लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे.

टिल्लू त्याचा लॅपटॉप देऊन गेला. टिल्लू म्हणजे हिचा धाकटा भाऊ. सहा फुटांहून उंच आहे, आमच्या दारातून वाकून आत येतो, पण लहानपणी पडलेलं नाव काही उतरलं नाही. कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहे आणि अजून लग्न नाही. बॅग टेबलावर ठेवून म्हणाला, हा माझ्याकडे नुसता पडून आहे भाऊजी, गेम खेळायला घेतला होता, आता वेळ कुठे मिळतो, तुम्ही वापरा. मी नको म्हटलं. मग परत नेतो आणि कपाटावर टाकतो, म्हणाला. बिचारा एवढा उचलून घेऊन आला होता, म्हटलं ठेव चार दिवस.

साहेबांनी गाशा गुंडाळून ऑफिस बंद केलं, त्यानंतर मी कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. बावीस वर्षं आर्किटेक्टच्या हाताखाली लोकांच्या घरांचे नकाशे काढले, आणि आता आठ महिने स्वतःच्या घराच्या खिडकीपाशी बसून आहे. सगळ्यांना वाटतं मी मनाला लावून घेतलंय. तसं काही नाही. उठून कुठे जायचं ते सुचत नाही, एवढंच.

मशीन दणकट आहे. ग्राफिक्सची वेगळी चिप आहे, म्हणजे नुसता नकाशा नाही, आख्खं घर उभं करून त्यातून चालत गेल्यासारखं दाखवता येईल. ऑफिसात हे काम पोरं करायची, मी बघून बघून शिकलो होतो. टिल्लूला विचारलं, कुठला गेम खेळायचास? म्हणाला, तो गाड्यांचा. चालू करायचं बटण मात्र त्याला सापडेना, ते मीच शोधलं.

६ मार्च, गुरुवार

हिने दुकानातून येताना लॅपटॉपखाली ठेवायचा एक स्टँड आणला, दोन पंखे असलेला. कशाला आणलास विचारलं तर म्हणे, तापतात असले लॅपटॉप, कोणीतरी सांगितलं. हिला यंत्रातलं काही कळत नाही, मिक्सरचं भांडंसुद्धा मी बसवून देतो, पण कोणीतरी सांगितलं की लगेच खरेदी.

आज हिला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. दाढेवर टोपी बसवायची आहे, कधीपासून चाललंय. गेली नाही. आता दुखत नाही म्हणाली. जेवायला मात्र हल्ली फार वेळ लावते. माझा हात वाळून जातो तरी हिचं चाललेलंच असतं.

९ मार्च, रविवार

काम मिळालं. लिहिताना अक्षर वाकडं येतंय, पण मिळालं.

हिच्या दुकानात लहान मुलांच्या एक डॉक्टरीणबाई चष्मा करायला येतात. त्या दोन भागीदारांबरोबर नवा दवाखाना काढतायत. जागा घेतलीय, आत काय कुठे असावं यावर तिघांचं एकमत होत नाही. बोलता बोलता हिने माझं नाव घातलं. आज त्या दुकानातून थेट आमच्याकडे आल्या. त्यांना एक वेगळंच हवंय. दवाखाना मोठ्यांना कसा दिसेल हे नको, तीन फुटांच्या पोराला कसा दिसेल ते बघायचंय. खोल्यांमधून फिरता आलं पाहिजे, त्या म्हणतील तिकडे वळता आलं पाहिजे. एकोणतीस तारखेला तिघांसमोर दाखवायचं.

मी हो म्हणून बसलो. त्या गेल्यावर घरात येरझाऱ्या घातल्या, तेव्हा ही म्हणाली, बसा की जरा. बसलो, परत उठलो. आठ महिने जो माणूस खुर्चीतून हलत नव्हता, त्याला आता खुर्ची टोचतेय.

१२ मार्च, बुधवार

वाट लागली.

पहिले दोन दिवस झकास गेले. भिंती उभ्या केल्या, दारं बसवली, कॅमेरा, म्हणजे बघणाऱ्याचे डोळे, तीन फुटांवर आणला. आज वेटिंग रूममध्ये प्रकाश सोडला, खिडकीतून ऊन आत घेतलं आणि फिरायला सुरुवात केली, तर आतला पंखा असा ओरडायला लागला की शेजारच्यांना कुकरची शिट्टी वाटावी. डाव्या बाजूची बटणं इतकी तापली की बोट टेकवत नव्हतं. मग स्क्रीनवर हिरवे-जांभळे चौकोन उमटले, बाकं वितळल्यासारखी झाली आणि सगळं काळं. सकाळपासूनचं काम गेलं.

पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. नुसतं टायपिंग केलं तर तासन् तास चालतो, पण खोलीत फिरायला लागलं की भडकतो. म्हणजे तापतेय ती ग्राफिक्सची चिप.

दुपारी नेहमीप्रमाणे हिचा फोन आला, जेवलात का, काय करताय. मी भाजीवरून खेकसलो. पलीकडून म्हणाली, बरं. रागावलेली वाटली नाही.

१३ मार्च, गुरुवार

उपाय केले. जाळीवर फुंकर मारून धूळ काढली, ती नाकात गेली. टेबल खिडकीपाशी नेलं, तिथे ऊन. टेबल मोरीच्या दाराशी नेलं, तिथे प्लग नाही. घरातला टेबलफॅन लॅपटॉपच्या कुशीत लावला, तेव्हा वेटिंग रूम अर्धी पार झाली आणि पुन्हा चौकोन. शेवटी ओला नॅपकिन घडी करून स्टँडखाली ठेवणार होतो, तेवढ्यात ही आली आणि तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

टिल्लू दुपारीच आला होता, ही येईपर्यंत थांबला. त्याची पाळी पहाटेची असते, सुटला की आमच्याकडे येतो आणि सोफ्यावर फोन बघत बसतो. त्याचं घर दोन स्टॉप पुढे आहे, रोज मध्येच उतरतो. आठ महिने हेच चाललंय, घरी करमत नसावं. त्याला विचारलं, तुझ्याकडे असताना तापायचा का रे? त्याने स्वयंपाकघरात हिच्याकडे बघितलं. म्हणाला, जरासा. मग बिल आहे का विचारलं, गॅरंटीत असेल तर बघू. तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून म्हणाली, त्याला कशाला छळताय, दिलाय ना त्याने वापरायला.

१५ मार्च, शनिवार

दुरुस्तीला द्यायचं ठरलं. आमच्यापासून सगळ्यात जवळ बाजाराच्या कोपऱ्यावरचं दुकान. ही म्हणते तिथे नको, तो माणूस धड नाही, मी माझ्या दुकानाजवळ देते, सोमवारी. सोमवार म्हणजे आणखी दोन दिवस हातावर हात ठेवून बसायचं. ही कामावर गेल्यावर लॅपटॉप काखेत मारला आणि बाजारात गेलो.

दुकानदार मला तरी धड वाटला. कपाळावर भिंग, तोंडाची टकळी चालू. पालथा घालून स्क्रू काढले, झाकण उचललं आणि हसला. म्हणाला, “हा तर आमच्याकडूनच गेलाय.”

मी म्हटलं, शक्य नाही, हा माझ्या मेहुण्याचा. तो म्हणाला, असेल, पण चिपच्या कडेला हा जो डाग दिसतोय तो माझ्याच हातचा. चिपचे टाके सुटत होते. गरम हवा मारून परत बसवली. असा इलाज कायमचा नसतो. “विकताना लपवलं नाही हो काही. पत्रं लिहा, सिनेमे बघा, जड काम देऊ नका, असं स्पष्ट सांगितलं. त्या ताईंनी दोनदा विचारलं, किती टिकेल? म्हटलं नेम नाही. तर म्हणाल्या, माणूस कामाला लागेपर्यंत टिकला तरी पुष्कळ.”

कोण ताई, विचारलं. नाव विचारलं नव्हतं. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि बरोबर एक ताडमाड माणूस, ज्याचं डोकं दुकानाच्या शटरला आपटलं. फेब्रुवारीत घेऊन गेले.

त्याने आतला पंखा साफ केला. पंख्याच्या तोंडाशी धुळीचा घोंगडीसारखा जाड थर बसला होता. चिपवर वाळून खडू झालेला लेप खरवडून नवा लावला. ताकद कमी करून चालवा, एक खोली झाली की थोडी विश्रांती द्या, त्या पलीकडे माझ्या हातात काही नाही, म्हणाला.

१६ मार्च, रविवार

काल डोकं इतकं तापलं होतं की पुढचं लिहिलं नाही.

टिल्लूने कधी गेम खेळला नाही. फेब्रुवारीत मोडका माल स्वस्तात उचलला आणि मार्चमध्ये माझ्या गळ्यात मारला, वर उपकार. पण का? आज दिवसभर विचार करून एवढं कळलं की यात ती बाई आहे. टिल्लूचं कुठेतरी जमलंय. ‘माणूस कामाला लागेपर्यंत’ म्हणजे काय? टिल्लू तर कामाला आहेच, म्हणजे त्याने तिला काहीतरी थाप मारलेली असणार. नंतर बिनसलं असेल आणि लॅपटॉप आला माझ्याकडे.

बाई कोण ते कळायला मार्ग नाही. चष्मा दोरीने अडकवणाऱ्या बायका काय थोड्या आहेत, आमच्याच घरात एक आहे.

हिला सांगायचं नाही असं ठरवलंय. वर्षभर ती भावासाठी मुलगी बघतेय, कळलं तर तिला किती लागेल. घरातल्या कर्त्या माणसाने काही गोष्टी पोटात ठेवायच्या असतात. जेवताना दोनदा तोंडावर आलं होतं, पाणी प्यायलो.

२० मार्च, गुरुवार

साफसफाईने फरक पडला. वेटिंग रूम सबंध पार होते, तपासणीची खोलीही होते, पण लागोपाठ नाही. एक झाली की थांबायचं, मांजराच्या पोटावर ठेवावा तसा हात ठेवून बघायचं, थंडावला की पुढची. या थांबण्यानेच जीव जातो. उठतो, पाणी पितो, गॅलरीत जातो, परत येतो, अजून गरमच.

अशाच एका थांबण्यात टिल्लू आला आणि सोफ्यावर बसला. ‘कसा चाललाय लॅपटॉप, भाऊजी?’ असं त्याने विचारलं आणि माझा तोल गेला.

काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. मोडका माल दिलास म्हणालो. माझं पहिलं काम बुडालं तर तुझ्यामुळे, हेही म्हणालो. रिकामा बसलाय म्हणून याला काहीही खपवावं असं तुला वाटलं, हेही म्हणालो आणि तेव्हा आवाज फाटला. शेवटी म्हटलं, “आणि ती बाई कोण, ते तुझं तू बघ. तुझ्या ताईच्या कानावर मी घालणार नाही.”

तोपर्यंत तो मान खाली घालून ऐकत होता. बाई म्हटल्यावर वर बघितलं. “कुठली बाई?” विचारलं. म्हटलं, चष्मा गळ्यात अडकवणारी. त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, “चुकलं माझं, भाऊजी.”

चहा ठेवला होता, घेतला नाही. जाताना दारात वाकायला विसरला. कपाळ चोळत जिना उतरला, वळून बघितलं नाही.

मला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. तपासणीच्या खोलीत दोन दारं चुकीच्या बाजूला उघडली आणि ती दुरुस्त करण्यात संध्याकाळ गेली.

२३ मार्च, रविवार

टिल्लू आलेला नाही, काल नाही, परवा नाही. हिने विचारलं, तुमच्यात काही झालं का? मी म्हटलं, त्याला काम असेल. दुपारचं घर फार शांत वाटतं. तो बोलायचा नाहीच तसा, पण सोफा करकरायचा.

काम पुढे सरकतंय. आज तपासणीच्या पलंगावर कॅमेरा आडवा ठेवला, म्हणजे मूल झोपलंय आणि वर बघतंय. समोर फक्त दिवा आणि डॉक्टरांच्या नाकपुड्या. एवढी वर्षं नकाशे काढले, पण छत कधी कोणाच्या डोळ्यांनी बघितलंच नव्हतं. दिवा बाजूला सरकवला, छताला फिका निळा दिला, कडेला पक्ष्यांची एक ओळ सोडली. परत झोपून बघितलं. बरं वाटलं. चिप तापली आणि पक्षी जांभळे झाले, तरी बरं वाटलं.

२६ मार्च, बुधवार

हे सावकाश लिहायला हवं.

ही आज लवकर घरी आली. पर्स खांद्यावरच, चपला पायातच. म्हणाली, “टिल्लूला काय बोललात?”

काही नाही म्हटलं. ती म्हणाली, तो माझा फोन उचलत नाही, आज त्याच्या कामावर जाऊन आले, तर काही नाही ताई, काही नाही, एवढंच म्हणत पेट्या उचलत राहिला, माझ्याकडे बघेना.

मग माझा नाइलाज झाला. तिला म्हटलं, बस आधी. जपून जपून सांगितलं, की लॅपटॉप टिल्लूचा नव्हताच, बाजारातून घेतलेला मोडका माल आहे, आणि घेताना बरोबर एक बाई होती, टिल्लूचं कुठेतरी आहे, तू त्रास करून घेऊ नकोस, वय आहे त्याचं.

ती आधी नुसती बघत राहिली. मग हसायला लागली. हसता हसता चष्मा काढून दोरीवर सोडला आणि मग ते हसणं राहिलं नाही.

“अहो, ती बाई मी आहे.”

  मी विचारलं, मग मला सरळ का नाही सांगितलंस?

“सांगितलं असतं तर घेतला असतात? माझ्याकडून?”

“घेतला असता की.”

“मी तुमच्या मुलाखतीसाठी आणलेला शर्ट अजून घडीत आहे,” ती म्हणाली. “कमवायला लागल्यावर घालीन म्हणालात. टिल्लूकडून घेतलात, कारण त्याच्यावर उपकार केल्यासारखं करता आलं तुम्हाला.”

हे खरं असावं, कारण मला राग आला. म्हटलं, पण मोडका आहे हे माहीत असताना?

“माहीत होतं. झेपणारा तेवढाच होता. चांगल्यासाठी थांबायला वेळ नव्हता.”

“कसली घाई होती एवढी?”

तिने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग उठून गॅलरीतले कपडे काढायला गेली. 

पैसे कुठून आणलेस, तेही विचारलं होतं. बाजूला काढून ठेवले होते म्हणाली. कशासाठी, ते नाही सांगितलं.

२७ मार्च, गुरुवार

सकाळी ती टोस्ट चहात बुडवून खात होती. एकाच बाजूने चावत होती.

दाढेचे पैसे.

२९ मार्च, शनिवार

दाखवणं त्या रिकाम्या जागेतच ठेवलं होतं. बाहेरच्या खोलीत घडीचं टेबल, तीन खुर्च्या, खिडकीला पडदा नाही, ऊन थेट आत. घडीतला शर्ट घातला होता. लॅपटॉप सावलीत ठेवला, खाली स्टँड. डॉक्टरीणबाई आणि दोन भागीदार. एक तरुण, मोजकं बोलणारे. दुसरे वयस्कर, कडक, त्यांच्या मते दवाखान्यात भिंती पांढऱ्याच असाव्यात.

माझं ठरलं होतं, एक खोली दाखवायची, मग तोंडाने बोलत राहायचं, तेवढ्यात चिप थंड होते. वेटिंग रूम छान झाली. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या तिकडे वळवत गेलो. बाकांची उंची, पोराच्या डोळ्यांसमोर येणारे फक्त मोठ्यांचे गुडघे, काउंटरची कोरी भिंत. त्या म्हणाल्या, अगदी असंच वाटत असणार त्यांना. मी भिंतींच्या रंगांवर बोललो, जेवढं येत होतं त्याहून जास्त. तपासणीची खोली झाली. पक्षी बघून तरुण डॉक्टर पुढे सरकून बसले.

मग वयस्कर डॉक्टर म्हणाले, द्या इकडे, मी बघतो, आणि माउस त्यांनी घेतला. थांबा म्हणायला हवं होतं, जीभ उचलली नाही. ते गोल गोल फिरायला लागले, छत, जमीन, दार, पुन्हा छत. पंखा ओरडायला लागला. हिरवे चौकोन आले. मी म्हटलं, जरा थांबूया का, पण तोवर काळं झालं.

पुन्हा चालू केलं, झालं नाही. परत केलं. काही नाही. बटणाखालचा बारीक दिवासुद्धा लागला नाही. तिघं बघत होते. मला वाटलं, आता बॅग उचलून निघायचं आणि जाऊन आपल्या खिडकीपाशी बसायचं. तिथे मला कोणी काही विचारत नाही.

का कोण जाणे, तोंडातून निघालं, “आपण त्याच जागेत बसलोय की. चला, दाखवतो.”

त्यांना आतल्या रिकाम्या खोलीत घेऊन गेलो. सिमेंटच्या जमिनीवर गुडघे टेकले आणि म्हटलं, इथे पोराचे डोळे येतात. इथून मलमपट्टीचा ट्रे दिसतो, आईचा चेहरा दिसत नाही, म्हणून ट्रे भिंतीच्या पलीकडे आणि आईची खुर्ची अलीकडे. डॉक्टरीणबाई पदर खोचून माझ्या शेजारी बसल्या, मग तरुण डॉक्टर. वयस्कर डॉक्टर उभेच होते. मी म्हटलं, तुम्हीही बसा ना, उभ्याने नाही कळणार. बसले. दाराकडे, छताकडे, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, पांढरी भिंत इथून फार मोठी दिसते. उठताना त्यांना मी आणि तरुण डॉक्टरांनी हात दिला.

काम दिलंय. वेटिंग रूम पुन्हा करायची, काउंटर खाली घ्यायचा, मग सुतारांना नकाशे. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुमच्या मिसेस म्हणाल्या होत्या, हल्ली फारसं बोलत नाहीत. आज बोललात की.”

बाजारातल्या दुकानदाराने झाकण उघडून बोटानेच नाही म्हटलं. चिप गेली. पुन्हा हवा मारण्यात अर्थ नाही. माळ्यावरून जुना ड्रॉइंग बोर्ड काढलाय, नकाशे हाताने सुरू करीन. घरी येताना दातांच्या डॉक्टरकडे थांबलो आणि हिच्यासाठी गुरुवारची वेळ घेतली. तिला सांगितलं, तर म्हणाली, कामाचे पैसे आल्यावर बघू. मी म्हटलं, वेळ घेतलीय, जायचंय. तिने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली.

३१ मार्च, सोमवार

टिल्लूकडे गेलो, त्याच्या कामावर. दोन दिवस आज जाऊ उद्या जाऊ करत होतो. आज बोर्डावर एक रेघ धड येईना, तेव्हा उठलोच.

फाटकावरच्या माणसाने अंगात घालायला एक जाडजूड कोट दिला, बाह्या हातांच्या खाली लोंबणारा. आत दोन्ही बाजूंना छतापर्यंत सफरचंदांच्या पेट्या, मधून अरुंद वाट. टिल्लू शेवटच्या रांगेत होता. मला बघून पेटी तशीच हातात धरून उभा राहिला. चुकलं म्हणायला गेलो होतो, तोंडातून निघालं, “इथे फार गार आहे रे.”

“असतंच,” तो म्हणाला.

मग एकदाचं म्हटलं. हिने सगळं सांगितलंय, मी नाही नाही ते बोललो, माझं चुकलं. त्याने पेटी खाली ठेवली. मी विचारलं, तू तेव्हा बोलला का नाहीस? म्हणाला, बोललो असतो तर तुम्ही त्याच पावली लॅपटॉप परत केला असतात. मग घरी का येत नव्हतास? तर ताईने विचारलं असतं, आणि तिच्यासमोर मला खोटं बोलता येत नाही. जरा थांबून म्हणाला, थोडं लागलंही होतं.

मी मान हलवली. नाकाचं टोक बधिर झालं होतं.

“पण खरं सांगू का, भाऊजी,” तो म्हणाला, “तुम्ही ओरडलात ना, ते मला बरं वाटलं. जिन्यात उभा राहून ताईला फोन लावणार होतो, की भाऊजी ओरडले म्हणून. आठ महिन्यांत तुम्ही कोणावर आवाज चढवला नव्हता. मी रोज समोर बसायचो, तुम्ही आपले खिडकीबाहेर बघत. भीती वाटायची मला.”

“कसली भीती?”

तो पेटीवरची चिकटपट्टी नखाने दाबत राहिला. मग म्हणाला, चला बाहेर, तुम्हाला इथे इतका वेळ उभं राहायची सवय नाही.

टिल्लूचं मला कधी कधी कळत नाही. खिडकीपाशी बसणाऱ्या माणसाची काय भीती वाटायची. ही पण तशीच, विचारलं की कपडे काढायला जाते.

वाटेत त्याला दवाखान्याचं सांगितलं. वयस्कर डॉक्टर जमिनीवर बसले ते ऐकून तो एवढ्या मोठ्याने हसला की दोन रांगा पलीकडून कोणीतरी डोकावलं. लॅपटॉप मेला हे सांगितलं, तेव्हा म्हणाला, जाऊ दे, त्याचं काम झालं.

दाराबाहेर पाऊल टाकलं तशी माझ्या चष्म्याच्या काचांवर वाफ धरली आणि समोरचं सगळं पांढरं झालं. टिल्लू म्हणाला, थंडीतून बाहेर आलं की होतं असं, सगळ्यांचंच होतं. कोटाच्या बाहीने काचा पुसल्या. तरी बराच वेळ नीट दिसेना. रस्ता ओलांडायचा होता. त्याने माझं कोपर धरलं आणि बस येईपर्यंत सोडलं नाही.